अंदमानला निघालीस, तर आत्याचं एवढं ऐक

पोरी, अंदमानचा बेत ठरला, सासू-सासरे यायला तयार झाले, जावईबापूंनी हॉटेलांचे फोटो सगळ्या घराला दाखवून झाले. छान झालं. फक्त पोचायचं कसं, हे अजून कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. बेटाची वाट तुटक असते गं. गाडी, विमान, धक्का, बोट, परत धक्का, परत बोट आणि शेवटी पुन्हा विमान. इथे लोकल चुकली तर मागची येते. तिथे मागची बोट उद्या असते, तीही समुद्राच्या मनात असेल तर. म्हणून थोडं सांगून ठेवते. पटेल ते घे, न पटेल ते जावईबापूंना वाचून दाखव.

१. आधी विमान, मग बोट, मग हॉटेल, याच क्रमानं पैसे भर — हॉटेलवाला एक दिवस पुढे-मागे करून देतो, पण डिसेंबर-जानेवारीत बोटीतली पाच माणसांची जागा अशी सहज सरकत नाही.

२. परतीच्या विमानाची आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढायची, हॅवलॉकला नाही आणि नीललाही नाही — समुद्राला घड्याळ नाही, विमानाला नातं नाही. ‘सकाळची बोट धरू आणि दुपारचं विमान गाठू’ असं कुणी म्हणालं, तर हसून विषय बदल.

या दुसऱ्या मुद्द्यावर मी जरा अडून बसते, कारण सगळं गणित तिथेच फसतं. डिसेंबर २०१६ मध्ये हवा अशी बिघडली की हॅवलॉक आणि नीलवर हजारावर पर्यटक अडकले. बोटी बंद, शेवटी नौदलाची जहाजं पाठवून माणसं काढावी लागली. ऐन हंगामातली गोष्ट आहे ही. एवढं दरवर्षी होत नाही, पण एखादी फेरी रद्द होणं, वेळ पुढे-मागे होणं हे तिथलं रोजचं आहे. हाताशी एक मोकळा दिवस असला की त्याची गंमत वाटते, नसला की रडू येतं.

३. पाच रात्री तरी धर, सहा मिळाल्या तर देवाचे आभार मान — जाण्याचा आणि येण्याचा दिवस प्रवासातच संपतो, आणि मधले दोनच उरले तर सासूबाई म्हणतील, यापेक्षा दापोली बरी होती.

४. जुनी आणि नवी, दोन्ही नावं एका कागदावर लिहून ठेव: पोर्ट ब्लेअर आता श्री विजयपुरम (२०२४), हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप (ही दोन्ही २०१८ पासून) — तिकिटावर एक नाव असतं आणि रिक्षावाल्याच्या तोंडी दुसरं. त्यात ‘स्वराज द्वीप’ नावाचं एक प्रवासी जहाजही आहे, तेव्हा कुणी ‘स्वराज द्वीपचं तिकीट’ म्हणालं तर कुठलं ते विचार.

५. निघण्याआधी एखाद्या रविवारी सगळ्यांना गेटवेहून मांडव्याला बोटीनं नेऊन आण — कुणाचं पोट कसं आहे ते घरच्या समुद्रात कळलेलं बरं. पावसाळ्यात त्या बोटी बंद असतात, म्हणून हे काम दिवाळीच्या आसपास उरक.

आता विमानाचं.

६. मुंबई-पुण्याहून बहुधा चेन्नई, कोलकाता, बंगळूर किंवा हैदराबादला विमान बदलावं लागेल. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घे — पहिल्याला उशीर झाला तर पुढची सोय लावणं विमान कंपनीच्या गळ्यात पडतं. वेगवेगळी काढलीस तर दुसरं विमान तुझी वाट बघत नाही, आणि मग कळतं की स्वस्त तिकिटाची झोप महाग असते.

७. तरी वेगवेगळीच काढायची असतील, तर मधल्या शहरात सरळ रात्र काढ — चेन्नईची इडली कुठे वाईट आहे?

८. दुपारच्या आत उतरणारं विमान निवड — चेन्नई किंवा कोलकात्याहून हवेतला प्रवास दोन-सव्वादोन तासांचाच आहे, पण दुपार कलल्यावर उतरलीस तर तो दिवस हाती लागत नाही.

९. कारण तिथे दिवस लवकर मावळतो. घड्याळ आपलंच, पण ही बेटं मुंबईच्या जवळजवळ वीस अंश पूर्वेला आहेत. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडालेला असतो — म्हणून बोट, बाजार, किनारा, सगळं आपल्या सवयीपेक्षा तासभर आधी धरायचं आणि सकाळी लोळत पडायचं नाही. जावईबापूंना हे मी आले की समजावते. तोवर तू गजर लावायला शीक.

१०. उतरल्या दिवशीच हॅवलॉकची बोट नको — विमान तासभर लोंबकळलं की बोटीचे पैसे बुडाले. पहिली संध्याकाळ सेल्युलर जेलला दे, तिथला ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम अंधार पडल्यावरच असतो.

११. खाऊच्या पिशवीत सुक्या खोबऱ्याच्या वाट्या टाकू नकोस — त्यातल्या तेलामुळे त्या पेट घेतील या भीतीनं विमानात त्यांना मनाई आहे, आणि तपासणीच्या टेबलावर सासूबाईंची बॅग उघडावी लागली तर पुढचे दोन दिवस तुझे. पॉवर बँक मात्र हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही.

१२. प्रत्येकाची एकच बॅग, आणि ती ज्याची त्यालाच उचलता आली पाहिजे — विमान पंधरा किलोला सोडतं, धक्क्यावरची फळी सोडत नाही. ‘उचलेल त्याची पिशवी’ असा नियम घरातच लाव.

जहाजानं जायचं खूळ कुणाच्या डोक्यात आहे, ते मला कळलंय. वाईट नाही ते खूळ. तात्याराव सावरकरांना मद्रासहून ‘महाराजा’ नावाच्या जहाजातून नेलं आणि ४ जुलै १९११ ला ते त्या किनाऱ्याला लागले. तेच पाणी आपण ओलांडावं असं एखाद्या मराठी माणसाच्या मनात आलं, तर त्यात चूक काय? पण मनात येणं वेगळं आणि पाच दिवसांच्या रजेत बसवणं वेगळं.

१३. सरकारी प्रवासी जहाजं चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून सुटतात, अंतर बाराशे किलोमीटरच्या आसपास. नुसतं जायलाच अडीच-तीन दिवस धर, हवा बिघडली तर त्याहून जास्त — महिन्यात मोजक्याच फेऱ्या असतात आणि तारखा फार आधी कळत नाहीत.

१४. म्हणून नोकरदार माणसानं जहाजाच्या भरवशावर रजा टाकू नये — रजा संपते, जहाज धक्क्याला लागलेलं नसतं. तुझे सासू-सासरे दोघंच कधी सावकाश निघाले, तर जाताना जहाज आणि येताना विमान. उलट नको, परतताना माणसाला घराची ओढ लागलेली असते.

१५. गेलेच जहाजानं, तर केबिन घ्यावी — बंकमध्ये भाडं कमी, पण एका मोठ्या दालनात ओळीनं फळ्या, आणि रात्री कुणाचं बाळ, कुणाचा खोकला. चादर, कुलूप, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं बरोबर असावं; कॅन्टीनचं जेवण पोट भरतं, जीभ नाही.

१६. बंदर सुटलं की थोड्या वेळात फोनची रेंज जाते, हे घरी सांगून ठेवायचं — नाहीतर दोन दिवस फोन लागत नाही म्हणून इकडे मी देव पाण्यात ठेवीन.

आता खरी बोट, म्हणजे पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉक आणि नीलला जाणारी. तुझं सगळं सुख-दुःख हिच्यावर आहे.

१७. बोटी दोन तऱ्हेच्या. खासगी बोट वेगानं जाते, दीड-दोन तासांत हॅवलॉक, आत थंड हवा आणि नंबराची खुर्ची. सरकारी बोट सावकाश, अडीच तासांच्या आसपास, भाडं पुष्कळ कमी आणि वर उघडा डेक — एकीत आराम, दुसरीत समुद्र.

१८. मला विचारशील तर जाताना खासगी आणि एखादा टप्पा सरकारी — खासगीत बहुधा डेकवर जाऊ देत नाहीत, काचेतून समुद्र बघायचा असेल तर घरी दूरदर्शन आहेच. सरकारी बोटीत शेजारी बेटावरची माणसं बसतात, बाजाराच्या पिशव्या, कोंबड्या, शाळेची पोरं. ती सहल वेगळीच.

१९. पण सरकारी तिकिटावर सगळा बेत उभा करू नकोस — बेटावर राहणाऱ्यांचा त्या बोटीवर पहिला हक्क, आणि तो असायलाच हवा. आपल्याला सहल, त्यांना दवाखाना.

२०. फेरी त्रिकोणी आख: पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक, तिथून नील, नीलहून परत पोर्ट ब्लेअर — हॅवलॉक ते नील तासाभराच्या आतबाहेर, आणि एका बेटावरून दरवेळी पोर्ट ब्लेअरला परत येण्याची पायपीट वाचते.

२१. तिकिटावर धक्का कोणता लिहिलाय ते आदल्या रात्री वाच, सकाळी गाडीत बसल्यावर नाही — सरकारी बोटी फिनिक्स बेवरून आणि खासगी बहुधा हॅडोवरून सुटतात. दोन वेगळ्या जागा आहेत, आणि चुकीच्या धक्क्यावर सगळ्यात आधी पोचूनही बोट चुकते. रॉस बेट आणि नॉर्थ बेला जाणाऱ्या छोट्या बोटी तर तिसऱ्याच ठिकाणाहून, राजीव गांधी जलक्रीडा संकुलाच्या धक्क्यावरून.

२२. बोटीच्या वेळेआधी तासभर धक्क्यावर हजर — बॅगा यंत्रातून जातात, ओळखपत्र बघतात, रांग लागते. अर्धा तास आधी आलेला चहा पितो, अर्धा तास उशिरा आलेला पाणी.

२३. ओळखपत्र प्रत्येकाचं, मूळ, आणि तुमच्या छोट्या पिल्लूचं सुद्धा. शिवाय सगळी तिकिटं कागदावर छापून — समुद्राखालून केबल टाकली तेव्हापासून (२०२०) तिथलं इंटरनेट पुष्कळ सुधारलं, पण धाकट्या बेटांवर नेमकं तपासनिसासमोर ते गायब होतं. कागदाला रेंज लागत नाही.

२४. भारतीय माणसाला पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नीलसाठी वेगळा परवाना लागत नाही. निकोबारला मात्र सहल म्हणून जाता येत नाही — ‘निकोबारही करून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला चहासुद्धा पाजू नकोस.

पोटाचं बोलायलाच हवं. सगळे टाळतात आणि मग सगळ्यांसमोर होतं.

२५. बोटीआधी उपाशी राहू नका आणि पुरी-भाजीही नको. इडली, केळं, कोरडा टोस्ट — पोट भरून चढला, तो लाटा मोजत बसला.

२६. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून घे आणि बोट सुटण्याआधी अर्धा-पाऊण तास दे — मळमळ सुरू झाल्यावर दिलेली गोळी पोटात थांबत नाही. सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर ती चालते का, हेही विचार.

२७. जागा निवडता आली तर मधली किंवा मागची, खालच्या मजल्यावरची — बोटीचं नाक सगळ्यात जास्त वर-खाली होतं. नजर लांब क्षितिजावर, फोनवर नाही. पिल्लूला कार्टून लावून दिलंस तर साडी बदलायची तयारी ठेव.

२८. आलेपाकाची डबी आणि दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या खिशात, बॅगेत नाही — बॅगा बोटीत चढताच एका ढिगात जातात आणि उतरेपर्यंत हाती लागत नाहीत. सासऱ्यांच्या गोळ्याही अशाच अंगावर.

२९. चढता-उतरताना मोठ्या माणसांना मधे घ्या, पुढे एक, मागे एक — भरती-ओहोटीनं धक्का आणि बोट यांची उंची बदलत राहते आणि फळी कधी चढी, कधी उतरती होते. हात बोटीच्या माणसाच्या हातात द्यायचा, लाजायचं नाही.

३०. महिना निवडायचा असेल तर जानेवारी ते एप्रिल — मोसमी पाऊस केरळच्याही आधी अंदमानात येतो, साधारण मेच्या मध्याला, आणि मग सप्टेंबरपर्यंत समुद्र खवळलेला. पुढे ऑक्टोबर ते डिसेंबर बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचे दिवस. त्यात नाताळच्या सुट्टीत निघालीस, तर मघाचा मोकळा दिवस दोनदा तपास.

३१. बोट रद्द झाली तर भांडायचं नाही: एकानं तिकीट खिडकीच्या रांगेत, एकानं हॉटेलला फोन, एकानं पिल्लूजवळ — ज्यानं बोट थांबवली त्यानं तुझा जीव वाचवलाय, आणि खिडकीतल्या माणसाला लाट थांबवता येत नाही. औषधं आणि रोख पैसे दोन दिवसांचे जास्त ठेव; धाकट्या बेटांवर एटीएम थोडी आणि तीही कधी रिकामी.

३२. हेलिकॉप्टर आहे, पण त्याचा विचार करू नकोस — ते आजारी माणसांसाठी आणि बेटकऱ्यांसाठी आधी, आणि आपल्या बॅगा बघून ते तसंही हसेल.

३३. छोट्या बोटीत लाइफ जॅकेट घालून, पट्टे बांधूनच बसायचं, आणि बोट खच्चून भरलेली दिसली तर सरळ खाली उतरायचं — २६ जानेवारी २०१४ ला तिथेच, पोर्ट ब्लेअरजवळ, पर्यटकांची एक बोट बुडून २१ जण गेले, आणि बोटीत क्षमतेहून पुष्कळ जास्त माणसं होती. पैसे गेले तर जाऊ देत, मी देईन.

३४. हॅवलॉकच्या धक्क्यापासून राधानगर किनारा बाराएक किलोमीटर. सासू-सासऱ्यांना टॅक्सी, तुम्ही दोघं हवं तर स्कूटर घ्या — पण चारपर्यंत तिथे पोचा, सूर्यास्त तुमच्या चहासाठी खोळंबत नाही. आणि परतीची टॅक्सी जातानाच ठरवून ठेवा.

३५. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा यावेळी राहू देत — पहिल्या ताफ्यासाठी अपरात्री उठायचं, मग जंगलातला लांबचा रस्ता, मग गाड्यांची बोट, मग आणखी एक बोट. सासऱ्यांची कंबर एवढी उधार नाही.

तरी गेलातच, तर एक लक्षात ठेवा. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगहून ठरलेल्या वेळी पोलिसांच्या सोबतीनं गाड्या सुटतात. मधे थांबायचं नाही, फोटो नाही, खाऊ फेकायचा नाही. कायदा आहे म्हणून तर आहेच. पण दुसऱ्याच्या अंगणातून जाताना काच खाली करून कुणी टक लावून बघतं का?

३६. त्यापेक्षा चॅथमहून बांबूफ्लॅटची सरकारी बोट धरा — थोडक्या पैशांत, थोडक्या वेळात, गाड्या आणि माणसं एकाच बोटीत. पलीकडे माउंट हॅरिएट, आताचं माउंट मणिपूर. जुन्या लाल वीस रुपयांच्या नोटेवर माडांमागचा समुद्र होता ना, ते दृश्य त्याच वाटेवरचं. सासऱ्यांकडे तशी नोट असणारच, त्यांना ती न्यायला सांग.

३७. समुद्राच्या तळाशी जायची हौस आहे ना जावईबापूंना? ती हॅवलॉकला पोचल्या-पोचल्या भागवा, परतीच्या आदल्या दिवशी नाही — टाकी लावून खोल गेलं की अंगात नायट्रोजन विरघळतो, आणि तो निघून जायच्या आत विमानात बसणं धोक्याचं. मधे एक अख्खा दिवस गेला पाहिजे. पहिल्या दिवशी डुबकी, शेवटच्या दिवशी बाकडं.

३८. किनाऱ्यावरचं पोवळं किंवा शंख उचलून आणू नका, कितीही गोड दिसो — वन्यजीव कायद्यानं ती संरक्षित आहेत आणि विमानतळावरच्या यंत्रात लख्ख दिसतात. पिल्लूची बादली तू तपास, जावईबापूंचे खिसे सासूबाई तपासतील.